गोळी फुकट, जबाबदारी कोणाची?

कोंडाणे हे नाव महाराष्ट्राला दोन कारणांनी ठाऊक आहे. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात, दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली बौद्ध लेणी हे पहिले कारण. आणि ज्याच्या फुगत गेलेल्या खर्चाने राज्यातील सिंचनाच्या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगली ते धरण हे दुसरे. लेणी पाहावयास मुंबई-पुण्याचे लोक पावसाळ्यात येतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. धरणाचे हिशेब मंत्रालयात आणि न्यायालयात मांडले जातात. या दोहोंच्या मध्ये जे गाव आहे, ज्या ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत, तेथील स्त्रीच्या आरोग्याचा हिशेब मात्र कोणीच मांडत नाही. असा हिशेब कोठून तरी सुरू करावयाचा तर तो तळहातावर मावणाऱ्या एका पाकिटापासून करता येईल. ते पाकीट आहे गर्भनिरोधक गोळ्यांचे.

सरकारी आरोग्य केंद्रात ‘माला-एन’ या नावाने मिळणाऱ्या या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ गोळ्यांत दोन संप्रेरके अत्यल्प प्रमाणात असतात आणि उरलेल्या, रंगाने वेगळ्या ७ गोळ्या केवळ लोहाच्या असतात. केंद्रात हे पाकीट विनामूल्य मिळते. २०११ साली सुरू झालेल्या योजनेनुसार आशा कार्यकर्तीने ते एका रुपयात घरपोच द्यावयाचे आहे. वस्तू स्वस्त आहे, शास्त्राने पारखलेली आहे आणि कागदोपत्री दारापर्यंत पोहोचलेलीही आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोळी वापरणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण देशात अवघे ५ टक्के आढळले. स्त्री-नसबंदीचे ३८ टक्के आणि पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के. महाराष्ट्रात तर विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांनी शस्त्रक्रियाच करून घेतली आहे. अर्थ असा की, पाळणा लांबवण्याचे साधन उपलब्ध असूनही बहुसंख्य स्त्रियांच्या वाट्याला तो कायमचा थांबवणेच येते.

असे का व्हावे? याची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले उत्तर अधिकाऱ्यांचे: खेड्यातील स्त्री अडाणी आहे, रोज आठवणीने गोळी घेणे तिला जमणार नाही, तेव्हा एकदाच काय ते करून मोकळे व्हावे. दुसरे उत्तर गावातल्या कुजबुजीचे: गोळी उष्ण पडते, पोटात साठते, तिने कायमचे वांझपण येते. ही दोन्ही उत्तरे चूक आहेत, आणि दोहोंचे मूळ एकच आहे. स्त्रीला पुरेशी आणि खरी माहिती द्यावी असे कोणालाच वाटलेले नाही. जे औषध निरोगी माणसाने वर्षानुवर्षे घ्यावयाचे त्याची सुरक्षितता केवळ गोळीच्या घटकांत नसते. ती देणाऱ्याच्या जबाबदारीत आणि घेणारीच्या समजुतीत असते. म्हणूनच हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच राजकारणाचाही आहे.

गोळीचा इतिहासच याची साक्ष देतो. १९६० साली अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन वर्गातील संप्रेरक १५० मायक्रोग्रॅम होते. आजच्या माला-एनमध्ये ते ३० मायक्रोग्रॅम आहे. तेव्हाच्या गोळीतील दुसऱ्या संप्रेरकाचे प्रमाण १० मिलिग्रॅमच्या जवळ होते. आजच्या गोळीत वापरल्या जाणाऱ्या अधिक प्रभावी द्रव्याचे ते ०.१५ मिलिग्रॅमवर आले आहे. हा बदल औषध कंपन्यांच्या औदार्याने झालेला नाही. पहिल्या मोठ्या चाचण्या १९५६ पासून प्वेर्तो रिकोतील गरीब स्त्रियांवर झाल्या, आणि त्यांनी सांगितलेल्या चक्कर, मळमळ, डोकेदुखी या तक्रारी क्षुल्लक ठरवल्या गेल्या. पुढे रक्ताच्या गाठींचे प्रकार उजेडात आले. १९६९ च्या अखेरीस ब्रिटनमधील औषध-सुरक्षा समितीने कमी इस्ट्रोजेनच्या गोळ्याच वापराव्यात असा सल्ला दिला. १९७० साली अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे गोळीची चौकशी चालू असता प्रेक्षकांत बसलेल्या स्त्रियांनी उठून विचारले की, गोळी घेणाऱ्या एकाही बाईची साक्ष का नाही? त्या वादळानंतर तेथे पाकिटात माहितीपत्रक घालणे सक्तीचे झाले. कमी मात्रेची गोळी हे जसे विज्ञानाचे फळ आहे, तसेच ते जाब विचारणाऱ्या स्त्रियांच्या चळवळीचेही फळ आहे.

तेव्हा या गोळीविषयी खरे काय ते कार्यकर्त्यांनी आधी स्वतः समजून घेतले पाहिजे. गोळी मुख्यतः स्त्रीबीज बाहेर पडू देत नाही आणि गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव घट्ट करून शुक्रजंतूंची वाट अडवते. ती पोटात साठत नाही. बंद केली की थोड्याच काळात गर्भधारणा पुन्हा शक्य होते. काटेकोरपणे घेतल्यास हजार स्त्रियांमागे वर्षाला सुमारे ३ जणींनाच दिवस जातात. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र गोळ्या चुकतात, पाकीट संपते, नवे वेळेवर मिळत नाही आणि हा आकडा ७० च्या घरात जातो. ३ आणि ७० यांच्यातील अंतर हे गोळीचे अपयश नव्हे. माहितीचे आणि पुरवठ्याचे अपयश आहे.

गोळी कोणी घेऊ नये हे प्रथम सांगावयास हवे. ज्या स्त्रीचा रक्तदाब वाढलेला आहे, जिला पूर्वी पायात वा फुप्फुसात रक्ताची गाठ, पक्षाघात किंवा हृदयविकार झाला आहे, जिला स्तनाचा कर्करोग वा यकृताचा गंभीर विकार आहे, जिला डोळ्यांपुढे चमक वा वेड्यावाकड्या रेषा दिसून मग अर्धशिशी उठते, जी पस्तिशीपुढची असून विडी वा सिगारेट ओढते, जिच्या अंगावरून कारण न कळता रक्त जाते, तिच्यासाठी ही गोळी नाही, किंवा डॉक्टरच्या स्पष्ट सल्ल्याविना नाही. अंगावर पाजणाऱ्या मातेने बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत ती घेऊ नये. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि फेफऱ्यावरील काही औषधे गोळीचा परिणाम कमी करतात. ज्या वाड्यांत क्षयाचे रुग्ण आहेत तेथे हा प्रश्न विचारल्याविना पाकीट हाती देणे हा निष्काळजीपणा आहे. यातील बहुतेक गोष्टी दहा मिनिटांच्या विचारपुशीने आणि एकदा रक्तदाब मोजल्याने कळतात. त्यासाठी मोठे इस्पितळ लागत नाही. चालू स्थितीतील रक्तदाबमापक आणि विचारण्याची सवड असलेली आरोग्यसेविका पुरते.

घेण्याची रीत अवघड नाही. पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत पहिली गोळी घेतल्यास दुसऱ्या कोणत्या साधनाची गरज नसते. त्यानंतर सुरुवात केल्यास, दिवस गेलेले नाहीत याची खात्री करून, पहिले सात दिवस निरोध वापरावा. गोळी रोज एकाच वेळी घ्यावी. रात्रीच्या जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते आणि आठवणही राहते. आधी २१, मग लोहाच्या ७, आणि २८ वी संपताच दुसऱ्याच दिवशी नवे पाकीट, यात एक दिवसाचाही खंड नसावा. नवरा गावी असेल तेवढ्याच दिवसांपुरती गोळी घ्यावयाची, हा सर्वांत घातक गैरसमज आहे. तशी घेतलेली गोळी न घेतल्यासारखीच.

एक गोळी चुकल्यास आठवताच ती घ्यावी आणि पुढची ठरल्या वेळी घ्यावी, मग एका दिवशी दोन घ्याव्या लागल्या तरी चालेल. लागोपाठ दोन वा अधिक चुकल्यास लगेच एक घेऊन पुढे रोजचा क्रम चालू ठेवावा आणि सात दिवस निरोध वापरावा. ही चूक २१ पैकी शेवटच्या सात गोळ्यांत झाली असेल तर लोहाच्या गोळ्या वगळून सरळ नवे पाकीट सुरू करावे. पहिल्या आठवड्यात गोळ्या चुकल्या आणि त्या दरम्यान संबंध आला असेल तर शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत, आपत्कालीन गोळी घेता येते. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाल्यास दुसरी घ्यावी. फक्त लोहाची गोळी चुकली तर काळजीचे कारण नाही.

पहिले दोन-तीन महिने मळमळ, डोके जड होणे, मध्येच डाग पडणे असे होऊ शकते, आणि ते बहुधा आपोआप थांबते. हे आधी सांगितले तर स्त्री धीर धरते. न सांगितले तर पहिल्याच महिन्यात पाकीट चुलीत जाते आणि कुजबुजीला नवा पुरावा मिळतो. परंतु छातीत वा पोटात तीव्र कळ, धाप, एका पोटरीला सूज व दुखणे, असह्य डोकेदुखी, दिसण्यात अकस्मात बिघाड किंवा कावीळ यांपैकी काही झाल्यास गोळी थांबवून त्वरित डॉक्टर गाठावा. रक्तात गाठ होण्याचा धोका गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला सुमारे दोघींना असतो, अशा गोळीने तो पाच ते सात जणींपर्यंत जातो; आणि गरोदरपणात व बाळंतपणानंतर तो याहूनही अधिक असतो. गोळी घेणाऱ्या काळात स्तनाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो, तर अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका लक्षणीय घटतो. पाळीत रक्तस्राव कमी होतो. ज्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आहेत तेथे हा लाभ लहान नव्हे. गुप्तरोग आणि एड्सपासून मात्र गोळी संरक्षण देत नाही; ते निरोधनेच मिळते. दोन्ही बाजू अशा सरळ मांडल्या तर निर्णय घेण्याइतकी बुद्धी कोणत्याही शेतमजूर स्त्रीपाशी असते.

आता हिशेबाकडे वळावयास हवे. अर्थशास्त्रात फुकट वस्तूलाही किंमत असते. कोंडाण्याच्या बाजूच्या वाडीतील स्त्रीला कर्जतला जावे लागले तर गाडीभाडे आणि दिवसाची मजुरी ही त्या ‘विनामूल्य’ पाकिटाची किंमत होय. साठा संपला म्हणून परत पाठवले तर तीच किंमत दुप्पट होते. कातकऱ्यांच्या बाबतीत अडचण आणखी मूलभूत आहे. दिवाळीनंतर ही कुटुंबे वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आशा गावात, नोंदवही उपकेंद्रात आणि स्त्री भट्टीवर, असे वर्षातले सहा-सात महिने जातात. दर महिन्याला एक पाकीट देण्याची पद्धत ज्यांनी आखली त्यांच्या डोळ्यांपुढे एकाच घरात बारा महिने राहणारी, महिन्याच्या महिन्याला केंद्रात येणारी स्त्री होती. जागतिक आरोग्य संघटनेने स्त्रीला एका वेळी वर्षभर पुरतील इतकी पाकिटे देण्याची शिफारस केली आहे. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना ही शिफारस लागू करण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

साधनांची निवडही खुली असावयास हवी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, संप्रेरकविरहित गोळी आता सरकारी कार्यक्रमात ‘छाया’ या नावाने आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून ठरलेल्या दोन वारी आणि नंतर आठवड्यातून एकदा ती घ्यावयाची असते, आणि अंगावर पाजणाऱ्या मातेलाही ती चालते. एखादीस तीन महिन्यांचे ‘अंतरा’ इंजेक्शन सोयीचे वाटेल, एखादीस तांबी, एखादीस काहीच नको असेल. यांपैकी कोणतेही उत्तर स्त्रीचे स्वतःचे असेल तर ते बरोबर आहे.

हे वारंवार सांगावे लागते, कारण या देशात संततिनियमनाच्या शब्दाला सक्तीचा डाग लागलेला आहे. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही, एवढाच दिलासा. आणीबाणी गेली, पण उद्दिष्टांची वृत्ती गेली नाही. फक्त तिने पुरुषांना सोडून स्त्रियांना गाठले. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या आणि त्यानंतर अनेक जणी दगावल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असे सांगावे लागले. दुसरीकडे महाराष्ट्राने सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा अधिक अपत्ये झालेल्यांना ग्रामपंचायतीच्या निवडणुकीस अपात्र ठरवण्याची तरतूद केली. ज्या सत्तेने वाडीवर गोळी वेळेवर पोहोचवण्याची हमी दिली नाही, तिने तिसऱ्या अपत्याबद्दल स्त्रीचे सरपंचपद काढून घ्यावे, हा कोणता न्याय? राज्याचा एकूण जननदर १.७ वर आलेला असताना लोकसंख्येच्या स्फोटाची भीती दाखवण्यात तर तथ्यही उरलेले नाही.

महाराष्ट्राची परंपरा याहून वेगळी होती. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत गिरगावात संततिनियमन केंद्र काढले, त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गमावली आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. त्यांच्या विचाराच्या केंद्रस्थानी देशाची लोकसंख्या नव्हती. स्त्रीचे शरीर तिच्या मालकीचे असावे हा आग्रह होता. १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. आणि १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयींचा ठराव आला तेव्हा त्यामागेही बाबासाहेबच होते. ठराव फेटाळला गेला. तथापि त्यातील सूत्र आजही शिळे झालेले नाही: नको असलेले गरोदरपण टाळण्याचे साधन गरीब स्त्रीच्या हाती असलेच पाहिजे, आणि ते पुरवणे हे राज्याचे कर्तव्य आहे. हे सूत्र सक्तीच्या नेमके विरुद्ध टोकाला आहे.

याच रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, डॉ. नोशीर अंटिया यांनी १९७० च्या दशकात मांडव्याला गावातल्याच स्त्रियांना आरोग्याचे काम शिकवण्याचा प्रयोग केला. त्याच दशकात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी निरक्षर स्त्रियांतून आरोग्य कार्यकर्त्या घडवल्या. ‘अडाणी बाईला जमणार नाही’ या आक्षेपाला महाराष्ट्राने तेव्हाच उत्तर दिलेले आहे. आजची आशा त्याच विचाराची वारस. पण तिला मानधनासाठी वारंवार रस्त्यावर उतरावे लागते. स्वतःच्या कामाचे मोल मिळवण्यासाठी जिला मोर्चा काढावा लागतो, तिने दहा मिनिटे बसून चुकलेल्या गोळीचा नियम समजावून सांगावा ही अपेक्षा फुकट पुरी होणार नाही.

येथे कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. गोळीचा प्रचार करणे हे ते काम नव्हे. आणि कोणी काय वापरते याच्या याद्या करणे तर मुळीच नव्हे. उपकेंद्रात माला-एन, छाया आणि निरोध यांचा साठा आहे काय, पाकिटावरील मुदत उलटलेली नाही ना, रक्तदाबमापक चालतो काय, हे ग्राम आरोग्य समितीत आणि ग्रामसभेत विचारणे हे काम आहे. माहिती ठाकरी आणि कातकरी बोलीत, चित्रांसह मिळावी, स्थलांतरापूर्वी वर्षभराची पाकिटे मिळावीत आणि भट्टी ज्या गावच्या हद्दीत आहे तेथील आरोग्यसेविकेने भट्टीवर जावे, या मागण्या लावून धरणे हे काम आहे. साधन वापरूनही दिवस गेले तर १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा ते कारण मान्य करतो, आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्यात अविवाहित स्त्रीही आली, ही गोष्ट स्त्रियांपर्यंत नेणे हेही काम आहे. आणखी एक काम अवघड आहे, कारण ते घरात करावयाचे आहे. पुरुष-नसबंदीचा ०.३ टक्के हा आकडा केवळ सरकारचा नव्हे, सभांतून समतेची भाषणे करणाऱ्यांचाही आहे. ती शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी आहे, हे पुरुष कार्यकर्त्यांनी पुरुषांना सांगावयाचे आहे. आणि शक्य तेथे स्वतःच्या उदाहरणाने सांगावयाचे आहे.

माथेरानचे भाई कोतवाल यांनी याच कर्जतच्या परिसरात शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभ्या केल्या होत्या. उपासमारीच्या दिवसांत सावकारापुढे हात पसरावा लागू नये, गरजेची वस्तू गरजेच्या वेळी हक्काने मिळावी, इतका साधा तो विचार होता. दिवाळी उलटून बिऱ्हाड भट्टीकडे निघेल तेव्हा भांडी आणि गोधड्यांबरोबर, बाईच्या इच्छेनुसार, वर्षाची पाकिटे आणि ती कशी घ्यावयाची याची नेमकी माहितीही गाठोड्यात असावी, ही मागणी त्याच जातीची आहे. तेवढे झाले नाही तर ‘विनामूल्य’ हा शब्द सरकारी पाकिटावरच राहील आणि त्याची किंमत कोंडाण्याची स्त्री आपल्या शरीराने मोजत राहील.